तिरका काप

२१ सप्टेंबर

छोटे,

फाडण्याआधी एवढं वाच, मग खुशाल फाड. चिमणीचा उतार खाणीला दिला. बारा ऑक्टोबरला पहिला सुरुंग लागणार. म्हणजे खडकावरच्या त्या पांढऱ्या फुलाचा, आपल्या चिमणीचा, या वर्षीचा बहर शेवटचा. कळ्या दहा-बारा दिवसांत धरतील. दुसरीकडे कुठे ते उगवत नाही हे तुला सांगायला नको. तीन वर्षं कुंड्यांमध्ये बी पेरून आपण दोघींनी नुसती माती भिजवली होती.

हे पत्र काकांच्या हाती देतेय. तुझा पत्ता त्यांच्याकडे आहे हे मला माहीत आहे, आणि ते तो मला देणार नाहीत हेही. तीस वर्षं प्रयोगशाळेतल्या काचा धुतल्या त्या माणसानं, सगळ्यांची गुपितं सगळ्यांना सांगितली, पण तुझा विषय निघाला की तोंडाला कुलूप.

आता काम. नव्या संचालकांनी रद्द झालेल्या जुन्या प्रबंधांची फेरतपासणी सुरू केली आहे. तुझा प्रबंधही त्यात बसतो, मी विचारून घेतलं. अट एकच आहे. चिमणीच्या कळीचं अंडाशय आडवं कापायचं आणि आत तीन पडदे आहेत, बीजांडं त्या पडद्यांच्या मधल्या कोपऱ्यांत बसली आहेत, हे समितीला ताज्या कापात दाखवायचं. तुझ्या आकृती सातमध्ये आहे तसं. एवढं झालं की ‘आकृत्या काल्पनिक’ हा शेरा खोडला जाईल आणि पदवी तुझ्या नावावर लागेल. समिती दहा ऑक्टोबरला बसते.

काप तुलाच घ्यावा लागेल. माझा उजवा हात वर्षभरापासून थरथरतो. चहाचा कपसुद्धा डाव्या हातानं उचलते. मेणात बसवून यंत्रावर कापायचं म्हटलं तर चिमणीच्या कळीत बारीक खडे असतात, पातं त्यांच्यावर अडखळतं आणि सगळं फाटतं. हल्लीच्या मुलांना नुसत्या ब्लेडनं काप घेता येत नाही. शिकवणारं कोणी राहिलं नाही म्हण, किंवा शिकवणारीनं शिकणारीलाच घालवलं म्हण.

तू आता इस्पितळात आजारी माणसांच्या मांसाचे काप घेतेस असं काकांच्या तोंडून एकदा निसटलं. म्हणजे हात अजून चालता आहे.

मी आग्रह करत नाहीये. सोय सांगतेय.

ताई

२७ सप्टेंबर

छोटे,

पत्र पोचलं असं काका म्हणतात. ‘वाचलं का?’ विचारलं तर म्हणाले, “पोचवणं माझं काम, मॅडम.” निवृत्त झाल्यापासून फार मिजास वाढली आहे त्यांची.

परवा टोमॅटो चिरताना तुझी आठवण आली. तू सात वर्षांची, मी एकवीस. आई दवाखान्यात, स्वयंपाक माझ्या गळ्यात, आणि तुला भाजी खायची नाही. म्हणून मी तुला भाजी उघडून दाखवायला सुरुवात केली. मटाराची शेंग उकलली तर दाणे एकाच शिवणीला धरून ओळीत बसलेले. तू म्हणालीस, “प्रार्थनेची रांग.” पपई कापली तर बिया चहूबाजूंनी भिंतीला चिकटलेल्या आणि मधे पोकळी. टोमॅटो आडवा कापला तर आत खोल्या, खोल्यांमधे पडदे, आणि बिया मधल्या गाभ्याला धरून. सूर्यफुलाचा एक दाणा फोडला, तर एकच बी तळाशी एकटी बसलेली. “हिला कोणी भावंड नाही,” तू म्हणालीस आणि ती खाऊन टाकलीस.

मी तेव्हा सांगितलं होतं की हीच मांडणी फुलात असते, फळ धरण्याच्या आधी, दाण्याएवढ्या अंडाशयात. कुठल्या झाडाचं कूळ कोणतं ते पानांपेक्षा ही मांडणी जास्त खरं सांगते. पानं बदलतात, रंग बदलतो, आतली बैठक सहसा बदलत नाही. त्या दिवशी तू भाजी खाल्ली नाहीस ती नाहीसच, पण घरातलं प्रत्येक फळ आडवं कापायला लागलीस. आई मलाच ओरडली.

पुढचं सगळं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तुझ्या मनात काय काय साठलंय कोण जाणे. मी चिमणीवर पुस्तक लिहिलं. त्यात म्हटलं की हिच्या अंडाशयात पडदे कधीच नसतात. मधे एक सुटा खांब आणि त्याच्या भोवती बीजांडं. मी उमललेलं फूल कापलं होतं. तू चार वर्षांनी त्याच फुलाची कळी कापलीस आणि म्हणालीस, पडदे असतात, तीन असतात, फूल उमलायच्या आत ते वरून खाली विरत जातात. प्रबंध तपासणाऱ्यांनी त्या कापांच्या काचा मागितल्या. तू ग्लिसरीनमधे काप ठेवलेल्या काचांच्या कडा बंद केल्या नव्हत्यास, त्या वाळून गेल्या. ती चूक तुझी. उरल्या नुसत्या आकृत्या. मग समितीनं मला बोलावलं आणि विचारलं, “तुम्हाला असे पडदे कधी दिसले का?” मी नाही म्हणाले.

मला जे दिसलं होतं ते मी सांगितलं. बहीण म्हणून खोटी साक्ष द्यायला हवी होती का?

हे भांडण उकरून काढायला लिहीत नाहीये. तू ये. घर तेच आहे. तुझ्या खोलीत मी फक्त कोरडे नमुने ठेवलेत, तासाभरात हलवता येतील.

ताई

२ ऑक्टोबर

काल काका स्वतः आले. बसले नाहीत. दारातच म्हणाले, “निरोप आहे. काप घ्यायला येणार नाही म्हणाली. म्हणाली, ताईनं आपल्या डोळ्यांनी काय पाहिलं तेवढं ताईनं सांगावं.”

याचा अर्थ काय?

मी काय पाहिलं ते पुस्तकात छापलंय. समितीसमोर सांगितलंय. अकरा वर्षांनी एक निरोप पाठवलास तोही कोड्यात. तुझ्या नाकावर राग पहिल्यापासून आहे, पण आपलंच नुकसान करून घेण्याइतका? पदवी तुझी. नाव तुझं. मला यातून काय मिळणार आहे? सहा महिन्यांत मी निवृत्त होते, मला सगळे नमस्कार करतात, माझं काही अडलेलं नाही.

आई गेली तेव्हा आलीस, तासभर भिंतीशी उभी राहिलीस आणि माझ्याशी एक शब्द न बोलता निघून गेलीस. तेव्हाही मी मूग गिळून बसले. आता तू मलाच जाब विचारतेस.

येणार नसशील तर स्पष्ट लिही. काकांना मधे घालू नकोस.

५ ऑक्टोबर

छोटे,

कळ्या आल्या. तीन तारखेला उतारावर गेले. खालच्या अंगाला खुणेचे लाल खांब रोवलेत आणि वाटेवर यंत्रं आणून ठेवलीत. चिमणी बिचारी नेहमीच्या जागी, खडकाच्या फटीत, जणू कोणी काही सांगितलंच नाही तिला. साठ कळ्या आणल्या.

गाजराच्या तुकड्याला चीर दिली, कळी त्यात बसवली, ब्लेड ओलं केलं. तुला शिकवलं तस्संच सगळं. ब्लेड ओढायचं, दाबायचं नाही. श्वास सोडताना ओढायचं. आणि हात उडाला. पहिली कळी चेंदली. दुसरी अर्धी तुटून जमिनीवर. डाव्या हातानं करून पाहिलं, अंगठा कापला. उजवा हात टेबलाला रुमालानं बांधला आणि नुसतं मनगट हलवलं, तेव्हा एक काप आला. चपातीएवढा जाड, आरपार काही दिसेना. एका विद्यार्थिनीला बसवलं, तिनं वीस कळ्यांची चटणी केली आणि रडायला लागली. तिला गप्प करताना मीच रडले. मॅडम रडतात हे आता अख्ख्या विभागाला कळलंय, कळू दे.

काल चाळीस, आज पंधरा. एकही धड नाही. उरल्या पाच कळ्या ओल्या कापसात ठेवल्यात. उद्या परवापर्यंत त्याही उमलतील आणि उमलल्या की पडदे गेले. उतारावर आता पहारा बसवलाय, आत सोडत नाहीत.

छोटे, मी हातापाया पडते. एका दिवसासाठी ये. माझं तोंड बघू नकोस हवं तर, मी बाहेर बसेन. पाच कळ्या आहेत, तुला एक पुरेल. तू एका कळीचे अकरा काप काढायचीस आणि ते माझ्यासमोर बशीत तरंगत ठेवून म्हणायचीस, “मोजा मॅडम.” तुझ्यासारखा हात मी आजवर पाहिला नाही. हे तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा मी म्हणायची, बरं आहे.

ताई

८ ऑक्टोबर

कळ्या उमलल्या. पाचही.

आता तुझ्या निरोपाचं उत्तर देते. सात दिवस मी ते टाळतेय. मला वाटत होतं की तू ये, काप घे, पडदे सगळ्यांना दिसू देत, आणि मी मोठ्या मनानं म्हणेन, माझ्या बहिणीचं बरोबर होतं, माझ्या नजरेतून सुटलं. सगळं कसं छान निभावलं असतं. म्हणून तुझ्या हातांसाठी एवढा जीव काढत होते. तुझ्यासाठी म्हणून लिहीत होते, पण निम्मं माझ्यासाठीच होतं. निम्म्याहून जास्त.

मी पाहिलं होतं.

समितीच्या आदल्या दिवशी, दुपारी. तुझं खोटं आहे याची खात्री करून घ्यावी म्हणून मी एक अर्धी उमललेली कळी घेतली. सवयीप्रमाणे आधी काचेवर चिठ्ठी लावली, तारीख लिहिली, मग कापायला घेतलं. घाईत होते, काप तिरका आला. एक कड अंडाशयाच्या तळातून गेलेली, दुसरी वरून. रंग दिला, झाकणकाच ठेवली, सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. तळाच्या बाजूला पडदे होते. धड, स्वच्छ, मधल्या खांबापासून भिंतीपर्यंत. वरच्या बाजूला खांब सुटा आणि भिंतीला तुटक्या पडद्यांच्या चिंध्या लोंबत होत्या. विरताना सापडले होते ते. तुझी आकृती सात आणि माझं पुस्तक, एकाच काचेवर.

तुला आठवतं ना मी वर्गात काय सांगायची? तिरका काप बघायचासुद्धा नाही. तिरका काप खोटं बोलतो. तो थेट धुवायच्या ट्रेमधे टाकायचा. पंचवीस वर्षं प्रत्येक मुलाला हे सांगितलं. त्या दिवशी स्वतःला सांगितलं. काच ट्रेमधे टाकली, हात धुतले, साबण लावून धुतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, दिसले का? मी मनात म्हणाले, तिरका होता, तो धरायचा नसतो. आणि तोंडानं म्हणाले, नाही.

तू समोर बसली होतीस. मांडीवर पिशवी घट्ट धरून. माझ्याकडे बघत होतीस. मला वाटलं तू विनवतेस.

पुस्तक नुकतंच दुसऱ्या आवृत्तीला गेलं होतं, विभागप्रमुखपद तोंडाशी आलं होतं, आईची औषधं माझ्याच पगारावर होती. कारणं द्यायला बसले तर वही भरेल. खरं कारण एवढंच की मी शिकवलेली पोर माझ्यापेक्षा बारीक कापते हे मला सोसलं नाही. तुझ्या भाजीच्या ताटापासून मी तुला वाढवलं आणि तू मला ओलांडून गेलीस, तर मी तुझा पाय ओढला.

तू विचारलंस म्हणून सांगितलं. तू विचारलं नसतंस तर सांगितलं नसतं. हेही लिहून ठेवते, म्हणजे मला कोणी उगीच चांगलं म्हणायला नको.

११ ऑक्टोबर

काल समितीसमोर गेले. पाचजण होते, त्यातले तिघे माझे विद्यार्थी. ताजा काप कुठे आहे, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, नाही, आणि आता मिळणारही नाही. मग तुला लिहिलंय ते सगळं त्यांना सांगितलं. ट्रे, साबण, सगळं. हात इतका थरथरत होता की शेवटी त्याच्यावर बसले.

मग अध्यक्ष, तो मागच्या बाकावर झोपा काढायचा तो, तुला आठवेल, हळूच म्हणाला, “मॅडम, तुमच्या पुस्तकातला तो भाग आम्ही मागे घेऊ. पण प्रबंध परत मान्य करायला पुरावा लागतो. नुसत्या तुमच्या शब्दावर कसं करणार?”

मी म्हणाले, “अरे, नुसत्या माझ्या शब्दावरच तर काढून टाकला होता!”

त्यांनी निर्णय महिनाअखेरपर्यंत राखून ठेवलाय. पुरावा आला तर ठीक, नाही तर शेरा तसाच राहणार. आणि पुरावा उद्या सकाळी सुरुंगानं उडणार.

छोटे, मी आपलं तोंड काळं करून घेतलं आणि तुझ्या पदरात काही पडलं नाही. एवढं उशिरा बोलले की खरं बोलूनही उपयोग झाला नाही. काय करू सांग. मला काही सुचत नाही. आज दिवसभर धुवायच्या ट्रेसमोर बसून होते, जणू अकरा वर्षांपूर्वीची काच अजून तिथे असेल. काकांना विचारलं, “तुम्ही त्या दिवशी ट्रे धुतलात ना?” ते म्हणाले, “धुतला की. होतं तेवढं धुतलं.” आणि गेले.

समितीच्या नोंदीची प्रत सोबत जोडते. मी बोलले ते त्यात शब्द न् शब्द आहे. माफी मागत नाही, मागायची हिंमत नाही.

ताई

१९ ऑक्टोबर

छोटे,

पार्सल आज दुपारी आलं. चष्म्याच्या डबीएवढं खोकं, आत कापूस, कापसात एक काच.

चिठ्ठी माझ्या अक्षरातली. माझी तारीख. समितीच्या आदल्या दिवसाची. झाकणकाचेच्या चारही कडांना लाल नेलपॉलिश लावून बंद केलेलं, दोन थर, जराही हवा शिरलेली नाही. स्वतःच्या काचा वाळू दिल्यास आणि माझी जपलीस!

सूक्ष्मदर्शक लावायला मला अर्धा तास लागला. हातामुळे नव्हे, हात चमत्कारासारखा शांत होता. डोळ्यांत पाणी येत होतं आणि सगळं पुसट दिसत होतं. मग दिसलं. एका अंगाला तीन पडदे, बीजांडं आपापल्या कोपऱ्यात. दुसऱ्या अंगाला सुटा खांब. रंग थोडा उतरलाय, बाकी जसंच्या तसं.

सोबतच्या कागदावर तुझी दीड ओळ. “ट्रेमधून मीच उचलली होती. तू बोलल्याशिवाय दाखवायची नव्हती.”

म्हणजे त्या दिवशी मांडीवरच्या पिशवीत ती होती. मी नाही म्हणाले तेव्हा तुझ्या हाताखाली होती. ती टेबलावर ठेवली असतीस तर तुझी पदवी वाचली असती आणि माझी नोकरी त्याच दुपारी गेली असती, आईच्या औषधांसकट. तू विनवत नव्हतीस. माझ्या तोंडातून दुसरा शब्द निघेल म्हणून वाट बघत होतीस. अकरा वर्षं वाट बघितलीस, इस्पितळाच्या कुठल्या तरी खोलीत दुसऱ्यांची दुखणी कापत.

तासाभरापूर्वी काच अध्यक्षाला दाखवली. त्यानं बराच वेळ डोळा लावला, मग म्हणाला, “पण मॅडम, हा काप तिरका आहे.” मी म्हणाले, हो, तिरका आहे, नीट बघ. त्यानं परत बघितलं. मग पेन काढलं आणि शेऱ्यावर आडवी रेघ मारली. सही करताना मला म्हणाला, “हे त्यांना कळवायचंय. पत्ता आहे का?”

खोक्याच्या मागच्या बाजूला पत्ता आहे. तुझ्या अक्षरात, घर क्रमांक, मजला, सगळं. पाठवणारीचा पत्ता लिहिलाच पाहिजे असा काही नियम नाही, मी टपाल कचेरीत विचारून आले.

हे पत्र काकांना देत नाहीये, टपालातही टाकत नाहीये. समितीचं पत्र आणि हे, दोन्ही पिशवीत घातलंय, आणि एक टोमॅटो, कारण रिकाम्या हातानं कसं यायचं ते सुचेना. गाडी उद्या सकाळची आहे. दारापाशी आले की आधी हे खालून आत सरकवीन. वाचून झालं आणि दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस. मी जिन्यात बसलेली असेन. 

ताई